उभ्या होडीखालचा तवंग आणि चालत्या होडीमागचं पाणी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुन्या आउटबोर्ड मोटारींवर (होडीच्या मागच्या फळीला बाहेरून लावतात त्या इंजिनांवर) सरसकट बंदी घाला, असं म्हणणारा लेख आपल्या पुरवणीत वाचला. लेखाशी माझं फारसं भांडण नाही, पण सोबतच्या छायाचित्राशी आहे. त्यात एक होडी धक्क्याला बांधलेली दिसते, मागे पाण्यावर निळा-जांभळा तवंग पसरलाय आणि खाली ओळ छापलीय ती जुन्या इंजिनांच्या धुराबद्दल. फोटो नीट पाहिला तर मोटार वर उचललेली आहे, पंखा पाण्याबाहेर आहे. म्हणजे इंजिन बंद आहे. बंद इंजिनाला धूर कुठला? तो तवंग गळतीचा आहे.

मी या मोटारी दुरुस्त करतो. आयुष्य त्यातच गेलं, नखांतलं काळं आता निघतही नाही. त्यामुळे हा फरक मला क्षुल्लक वाटत नाही. गळती थांबवणं माझ्या हातात आहे, मालकाच्याही हातात आहे, आणि ती आज दुपारी थांबू शकते. धुरातून पाण्यात जाणारं पेट्रोल मात्र कुठलाच मिस्त्री थांबवू शकत नाही, कारण ते त्या इंजिनाच्या घडणीतच आहे. लेखात या दोन्ही गोष्टी एका भांड्यात ढवळल्या आहेत आणि त्याचा फायदा आमच्याच बोटवाल्यांना होतो. "इंजिनच जुनं आहे, आम्ही काय करणार" म्हणायला ते मोकळे.

आधी घडणीचं सांगतो. या जुन्या मोटारी बहुतेक टू-स्ट्रोक, म्हणजे पिस्टनच्या एका वर-खाली फेरीतच सगळं काम उरकणाऱ्या. टू-स्ट्रोक इंजिनाच्या सिलिंडरला व्हॉल्व्ह नसतात, भिंतीत खिडक्या असतात. पिस्टन खाली येताना आधी धुराची खिडकी उघडते, मग ताज्या मिश्रणाची. हवा, पेट्रोल आणि ऑइल यांचं ताजं मिश्रण पिस्टनखालच्या पेटीतून, म्हणजे क्रँककेसमधून, वर येतं आणि जळालेल्या वायूला बाहेर ढकलतं. पण त्या वेळी धुराची खिडकी उघडीच असते. ढकलणाऱ्यातलं थोडं स्वतःच बाहेर निघून जातं, न जळता. हे 'थोडं' किती? कार्बुरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) जुन्या टू-स्ट्रोकमध्ये साधारण पाव हिस्सा, कधी त्याहून जास्त. चाळीस हॉर्सपॉवरची मोटार पूर्ण वेगात तासाला १५ लिटरच्या आसपास पेट्रोल घेते. त्यातलं साडेतीन-चार लिटर न पेटताच मागे पडतं. हळू चालवली तर प्रमाण आणखी वाईट, कारण मंद गतीत काही फेऱ्यांत मिश्रण पेटतच नाही आणि सिलिंडरभर तसंच्या तसं बाहेर जातं. मासे पकडायला गळ टाकून तासन् तास रांगणारी होडी कमी पेट्रोल खाते हे खरं, पण खाल्लेलं पचवत नाही.

हे सगळं जातं कुठे? मोटारीचा धूर पंख्याच्या मधल्या पोकळीतून पाण्याखाली सोडलेला असतो. आवाज दबावा म्हणून ही सोय, आणि तिच्यामुळे धूरही दिसेनासा झाला. मोटारसायकलने असा निळा धूर सोडला असता तर मागच्याने शिव्या घातल्या असत्या. पाण्यात पंखा त्याला घुसळतो, होडी पुढे जाते, मागे फक्त पांढरा फेस दिसतो. त्यातलं सगळंच पाण्यात राहत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. बुडबुड्यांबरोबर बरंच वर येतं, आणि पेट्रोलचा हलका भाग हवेत उडून जातो. पण बेन्झीनसारखी द्रव्यं काही प्रमाणात पाण्यात विरघळतात आणि ऑइलचे बारीक थेंब मागे राहतात. १५ लिटरमागे ५० ला १ या प्रमाणात ३०० मिली ऑइल टाकलेलं असतं. त्याला इतक्या सहज उडता येत नाही.

ज्यांना पटत नसेल त्यांनी एखाद्या गॅरेजमधला टेस्टिंगचा पिंप पाहावा. आउटबोर्ड मोटार कोरडी चालवता येत नाही. थंडाव्याचं पाणी ओढणारा रबरी इंपेलर बघता बघता जळतो. म्हणून दुरुस्तीनंतर मोटार पाण्याच्या पिंपात बुडवून चालवतात. दहा मिनिटं चालवा आणि बंद करा. आधी डोळे चुरचुरतील. मग फेस बसेल, आणि पाण्यावर तपकिरी, चिकट थर दिसेल, त्यात काजळीचे काळे कण. बोट घातलं तर वंगण लागतं, वास दिवसभर जात नाही. तलावात होतं तेच इथे होतं, फक्त इथे पाणी थोडं आहे आणि पंखा पळून जाऊ शकत नाही.

आता त्या पिंपातल्या पाण्याचं काय करतात, हा प्रश्न आपल्या लेखकाने विचारायला हवा होता. बहुतेक गॅरेजवाले पिंप आडवा करतात. पाणी गटारात, गटार पुन्हा त्याच पाण्यात. मी पाणी रात्रभर स्थिर ठेवतो, सकाळी वर तेल शोषणारी पॉलिप्रॉपिलिनची चादर अंथरतो. ती तेल धरते, पाणी धरत नाही. दोन-तीन चादरींत वरचा थर निघतो. विरघळलेलं निघत नाही, म्हणून तेच पाणी पिंपात पुनःपुन्हा वापरतो. भरलेल्या चादरी आणि जळकं ऑइल वेगळ्या डब्यात, झाकण लावून, आणि ते जुनं ऑइल घेणाऱ्या अधिकृत लोकांकडेच. यात मोठेपणा काही नाही. आमच्या धंद्यातल्या लोकांनी पर्यावरणाच्या पत्रकांवर सह्या करण्याआधी पिंपाची तोटी बंद करावी, एवढंच माझं म्हणणं.

आता गळती. छायाचित्रातला तवंग किती तेलाचा असेल? इंद्रधनुष्याचे रंग दिसायला लागतात तेव्हा थराची जाडी साधारण ०.३ मायक्रॉन असते, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचाही तिसरा हिस्सा. या हिशेबाने चमचाभर, ५ मिली मिश्रण सोळा चौरस मीटर पाणी रंगवतं. म्हणजे फोटोत भयंकर दिसणारा तवंग कधी कधी अर्ध्या कपाचा असतो, आणि चालत्या होडीने तासाभरात घुसळलेलं लिटरच्या लिटर फोटोत येतच नाही. रंग पाहून किती ते ठरवू नये.

पण अर्धा कप म्हणून तो माफ होत नाही. कारण तो रोजचा असतो आणि फुकटचा असतो. उचललेल्या मोटारीतून तो कसा येतो ते सांगतो. कार्बुरेटरच्या वाटीत पेट्रोल भरलेलं असतं. मोटार तिरकी उचलली की ते कार्बुरेटरच्या तोंडातून ओघळतं, झाकणाच्या तळाशी जमतं आणि तिथल्या भोकातून पाण्यात उतरतं. उपाय सोपा: किनाऱ्याजवळ आल्यावर टाकीची नळी काढायची आणि मंद गतीत मोटार आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायची. वाटी रिकामी होते. (काही मिस्त्री म्हणतात, शेवटी ऑइल कमी पडून पिस्टन घासतो. मंद गतीत मी तरी असा घासलेला पिस्टन पाहिलेला नाही. जे इंजिन सतत वापरात असतं त्याची वाटी रिकामी करायची गरज नाही, पण मग ते उचलू नका.)

दुसरा प्रकार याहून चोरटा. टाकी उन्हात, तिच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू घट्ट बंद, आणि नळी मोटारीला जोडलेली. आतलं पेट्रोल तापतं, दाब वाढतो, आणि तो दाब पेट्रोलला नळीतून कार्बुरेटरमधल्या पेट्रोल अडवणाऱ्या सुईपलीकडे ढकलतो. माणूस घरी झोपलेला आणि मोटार आपली थेंब थेंब टपकतेय. चालवताना स्क्रू उघडा, थांबल्यावर नळी काढून मग स्क्रू बंद, एवढंच करायचं असतं. टाकी गळ्यापर्यंत भरायची नाही, दहावा हिस्सा रिकामा ठेवायचा, कारण उन्हात पेट्रोल फुगतं. सुटी टाकी असेल तर भरायला किनाऱ्यावर घ्यायची. होडीत, हलत्या पाण्यावर फनेल धरून पेट्रोल ओतणाऱ्यांचं मला नवल वाटतं. ते सांडल्याशिवाय कधी होत नाही, आणि आगीचं भय वेगळंच.

नळ्यांचं तर विचारूच नका. हाताने दाबायचा रबरी फुगा चिरलेला, कनेक्टरमधली ओ-रिंग दबून चपटी झालेली, आणि मालक चिंधी गुंडाळून खूश. त्यात इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आल्यापासून जुन्या मोटारींतलं रबर लवकर जातं. ते त्या इंधनासाठी बनवलेलंच नव्हतं. नळी, फुगा आणि रिंगा बदलणं हे मोटारीच्या कामातलं सगळ्यात स्वस्त काम आहे आणि तेच सगळ्यात जास्त टाळलं जातं.

गियरच्या पेटीचं ऑइल हा लेखात नसलेला, पण माझ्या मते मोठा विषय. पंख्याच्या दांड्यावर एक सील असतं. पाण्यात सुटलेली मासेमारीची नायलॉनची तंगूस दांड्याला गुंडाळली जाते आणि हळूहळू ते सील कापते. आतलं जाड, गंधकाच्या वासाचं ऑइल बाहेर पडतं आणि पाणी आत शिरतं. खालचा स्क्रू उघडल्यावर ऑइल दुधाळ आलं, की समजायचं सील गेलं. आणि ऑइल कमी आलं, की समजायचं बाकीचं कुठे गेलं. पंखा काढून दांडा पाहायला फार वेळ लागत नाही. तरी वर्षानुवर्षं पंखा न काढलेल्या मोटारी येतात. 'आवाज करते' म्हणून आणतात. आतून दाते गंजलेले.

मग ऑइलचं प्रमाण. जुन्या मोटारींवर २५ ला १ लिहिलेलं असतं, नंतरच्यांवर ५० ला १. म्हणजे लिटरमागे ४० मिली किंवा २० मिली. मापाचा पेला फार थोड्यांकडे असतो, बाकीचे अंदाजाने ओततात, आणि अंदाज नेहमी जास्तीकडे झुकतो, कारण इंजिन जाम होण्याची भीती. दुप्पट ऑइल टाकल्याने इंजिन दुप्पट जगत नाही. प्लग काळे पडतात, पिस्टनच्या रिंगांमध्ये कार्बन बसतो, आणि कार्बुरेटरच्या त्याच बारीक भोकातून (जेटमधून) जाणाऱ्या मिश्रणात पेट्रोलचा वाटा तेवढा घटतो. उरलेलं ऑइल पाण्यात. काही जण मोटारसायकलचं टू-स्ट्रोक ऑइल घालतात, ते हवेने थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी असतं आणि जळल्यावर राख सोडतं. पाण्याने थंड होणाऱ्या मोटारीला टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं, राख न सोडणारं ऑइल लागतं. एस्टरपासून बनवलेली, पाण्यात लवकर विघटन होणारी ऑइलंही मिळतात. ज्याला परवडेल त्याने घ्यावीत. पण तीही मापानेच घालायची.

एक तक्रार माझ्याच धंद्यातल्यांविरुद्ध. मोटार तापते म्हणून आलं, की थर्मोस्टॅट (इंजिन पुरेसं तापेपर्यंत थंडाव्याचं पाणी अडवणारी झडप) काढून फेकणारे मिस्त्री आहेत. मूळ दोष इंपेलरचा किंवा मिठाने तुंबलेल्या वाटांचा असतो. थर्मोस्टॅट नसला की इंजिन कायम थंड चालतं, पेट्रोलची वाफ नीट होत नाही, ते क्रँककेसमध्ये थेंब होऊन साचतं, आणि आधीच वाया जाणाऱ्या पाव हिश्श्यात भर पडते. गिऱ्हाईक खूश, कारण आता तापत नाही.

जाता जाता, साचलेल्या त्या थेंबांची एक जुनी गोष्ट. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत कित्येक मोटारींत क्रँककेसच्या तळाशी जमलेलं पेट्रोल-ऑइल सरळ बाहेर पाण्यात सोडायची सोय कारखान्यातूनच केलेली असे. ती चूक म्हणून नव्हे, रचना म्हणून. पुढे ते परत सिलिंडरकडे वळवून जाळायची पद्धत आली. तेवढ्या जुन्या मोटारी अजून चालतात, आणि त्यांच्याबद्दल मला काहीच बचाव करायचा नाही. त्या संग्रहालयात शोभतील.

कुणी म्हणेल, मग तू मोटारींची बाजू घेतोस की पाण्याची? टू-स्ट्रोक मला आवडते. हलकी असते, एकट्याने उचलून लावता येते, चार पाने आणि एक स्क्रूड्रायव्हर असला की भर पाण्यात उघडता येते. फोर-स्ट्रोक, म्हणजे व्हॉल्व्ह असलेली आणि न जळलेलं पेट्रोल फारसं न सोडणारी मोटार, त्याच ताकदीला बरीच जड पडते, आणि जुन्या होडीची मागची फळी ते वजन पेलेलच असं नाही. पण पर्याय काल-परवाचा नाही. होंडाने १९६४ मध्येच फोर-स्ट्रोक आउटबोर्ड बाजारात आणली होती. टू-स्ट्रोकमध्येही १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या मोटारी आल्या. धुराची खिडकी बंद झाल्यावर फवारा मारायचा, म्हणजे पळून जायला फक्त हवाच उरते. छोट्या तलावात, छोट्या होडीला तर बॅटरीची मोटारही पुरते. मोकळ्या समुद्रावर मात्र तिच्या भरवशावर जायचा सल्ला मी आज तरी देणार नाही.

फोर-स्ट्रोकवाल्यांनी लगेच कॉलर ताठ करू नये. त्यांच्या मोटारीत तळाशी ऑइल भरलेलं असतं, ते साधारण दर शंभर तासांनी बदलावं लागतं, आणि होडीतच बदलून जळकं ऑइल बाजूला ओतणारे मी पाहिलेत.

बंदीबद्दल माझं मत असं. जिथून पिण्याचं पाणी उचललं जातं त्या तलावांत आणि धरणांत, आणि मासे अंडी घालतात अशा उथळ पाण्यात, कार्बुरेटरच्या टू-स्ट्रोक मोटारी बंद कराव्यात. माझं गिऱ्हाईक कमी होईल, होऊ दे. हे जगाच्या पाठीवर झालेलंही आहे. जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्यामध्ये असलेल्या, लाखोंना पाणी पुरवणाऱ्या लेक कॉन्स्टन्समध्ये १९९३ पासून मोटारींच्या धुराला मर्यादा आहेत. अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि नेव्हाडाच्या सीमेवरच्या लेक टाहोमध्ये १ जून १९९९ पासून कार्बुरेटरच्या टू-स्ट्रोक बंद झाल्या. फोर-स्ट्रोक आणि थेट फवाऱ्याच्या चालू राहिल्या, होड्या काही थांबल्या नाहीत. टाहोच्या अभ्यासातली एक गोष्ट मला विशेष वाटली. धुरातली काही द्रव्यं, पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन म्हणतात ती, अंधारापेक्षा उन्हातल्या अतिनील किरणांमध्ये माशांच्या पिलांना आणि सूक्ष्म जिवांना कितीतरी जास्त विषारी ठरतात. पाणी जितकं नितळ तितकं ऊन खोल जातं. म्हणजे आपण ज्याला स्वच्छ तलाव म्हणतो तिथेच घाव मोठा.

बाकीच्या पाण्यावर मात्र सरसकट बंदीऐवजी तपासणी हवी. अमेरिकेचा धुराबद्दलचा १९९६ चा नियम नव्या मोटारींसाठी होता, १९९८ च्या मॉडेलपासून टप्प्याटप्प्याने लागू झालेला. आउटबोर्ड मोटार नीट ठेवली तर तीस वर्षं चालते. म्हणजे नुसते नव्यांना नियम केले तर जुन्या मोटारी एक पिढीभर पाण्यात राहतातच. होडीचा परवाना नवा करताना फार यंत्रसामग्री लागत नाही: मोटार उचलून खाली पांढरा पुठ्ठा धरा, तासाभराने डाग पाहा. गियरचा स्क्रू उघडून ऑइल पाहा. नळी आणि फुगा दाबून पाहा. होडीच्या तळात साचलेल्या पाण्यावर तेल शोषणारी चादर आहे का पाहा. आणि तळातलं तेलकट पाणी पंपाने बाहेर फेकण्याआधी त्यात भांडी घासायचा साबण ओततात, ते बंद करा. साबणाने तेल जात नाही, त्याचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात खाली उतरतं आणि माशांच्या कल्ल्यांपर्यंत पोचतं. फक्त आपल्याला दिसेनासं होतं.

शेवटचा मुद्दा बदली मोटारींचा, आणि तो बंदी मागणाऱ्या सगळ्यांनी ध्यानात घ्यावा. एका तलावातून हद्दपार केलेली मोटार भंगारात जात नाही. ती विकली जाते, आणि जिथे नियम नाही तिथल्या पाण्यात स्वस्तात उतरते. माझ्याकडेच अशा मोटारी येतात, बाहेरून नवा रंग मारलेल्या, आत काजळीने निम्म्या बुजलेल्या खिडक्या. म्हणून जुनी देऊन नवी घेण्यासाठी कुणी अनुदान देणार असेल, तर जुन्या मोटारीच्या ब्लॉकला, म्हणजे सिलिंडर असलेल्या मुख्य धडाला, मालकासमोर भोक पाडूनच ती जमा करून घ्यावी. पंखा, गियरची पेटी, फ्लायव्हील काढून सुटे भाग म्हणून ठेवायला हरकत नाही, ते पाण्यात पेट्रोल सोडत नाहीत. ब्लॉक तेवढा परत जोडता येता कामा नये. ड्रिलचं काम आहे, पाच मिनिटांचं, आणि ते मी फुकट करून देईन.

कळावे,
आपला
एक आउटबोर्ड मिस्त्री
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)